डावखुरी कात्री

पितृपक्षात नवी वस्तू घ्यायला कोण येतं?
रविवार कारंजावर दुपारी कुत्रीसुद्धा सावली बघून आडवी होतात.
मी काउंटरवर पान्यांना तेल लावत बसलेलो,
आणि यमुना थविल पेठच्या एसटीतून उतरून थेट दुकानात.
खांद्याला पिशवी, पिशवीत द्राक्षाच्या काड्या.

"छाटणीच्या कात्र्या दाखवा. नऊ."
पितर चालू आहेत, मी म्हटलं.
"बाग थांबते का पितरांसाठी?"

नेहमीप्रमाणे तीन मांडल्या.
ही एकशे ऐंशीची, लाल मूठ, वॉरंटी नाही.
ही चारशे साठची, जालंधरची, सहा महिने.
ही जपानी, सव्वीसशे, दोन वर्षं,
बिल जपून ठेवलं तर.

"बिल कुठं जपू?
बागेतच राहतो आम्ही, ताडपत्रीखाली.
डोळ्यांना पेस्ट लावून हात असे होतात,
कागद धरला की कागदच जातो."
आणि पिशवीतली एक काडी काढून
लाल मुठीनं कापली.

कापली गेली, खोटं का बोला.
पण तिनं टोक माझ्यापुढे धरलं:
साल एका बाजूनं चेचलेली,
दातांनी तोडल्यासारखी.
"बागाइतदार हे बघतो. तुमचं लेबल नाही बघत."

जपानीनं कापलेलं टोक नाण्यासारखं गुळगुळीत.
ते तिनं अंगठ्यानं चाचपलं, जरा जास्तच वेळ,
मग कात्री परत ठेवली
शेजारणीचं मूल परत द्यावं तशी.

मधली उचलली. वॉरंटी विचारलीच नाही.
"स्प्रिंग सुटी मिळते? पातं?
हा नट साध्या पान्यानं फिरतो का?"
वीस वर्षं मी इथे वॉरंटी सांगतोय,
नट पहिल्यांदा कोणी विचारला.

हिशोब बोटांच्या पेरांवर:
एकराचे इतके, नऊ जणींत वाटून इतके,
एक कात्री म्हणजे एकीचा एक दिवस.
"आणि मनगट? त्याला सहा महिने देते का कंपनी?"
ती हसली. मला हसू आलं नाही.
शटर ओढून ओढून माझं उजवं मनगट
थंडीत मलाच शिव्या देतं.

"आठ द्या. नववीचं बघू.
आमची जयवंती डावखुरी आहे.
उजव्या कात्रीनं दिवसभर उलटं कापते,
रात्री ताट धरता येत नाही पोरीला."

तेव्हा आठवलं.
माळ्यावर, कानशींच्या खोक्यामागे,
चार वर्षांपूर्वी चुकून आलेली एक,
शेठ त्या एजंटवर किती ओरडले होते,
डाव्या हाताची.
खोकं धुळीनं पांढरं, आतलं प्लास्टिक तसंच.
वॉरंटी दोन वर्षं,
कंपनीच्या गोदामातून निघाल्या दिवसापासून.
म्हणजे संपलेली.

"न कापताच?"
"न कापताच."

तिनं ती डाव्या हातात घेतली, अवघडून,
कुणाचा तरी हात उसना आणल्यासारखी.
काडी कापली. टोक बघितलं. मान हलवली.
शेठना फोन लावला. जाते ना? म्हणाले, जाऊ दे सातशेला.
मी सहाशे सांगितले.
शंभराचं मी बघून घेईन.

बिल केलं. तिनं ते माझ्याकडेच सरकवलं.
"तुम्हीच ठेवा. तुमचं छप्पर गळत नाही."

आता मार्च. तिकडे काढणी चालू असेल.
ती आली नाही, स्प्रिंग न्यायलासुद्धा नाही.
चांगल्या कात्रीची बातमी दुकानात येत नाही,
येते ती तक्रार.
काउंटरच्या काचेखाली तिचं बिल,
शेजारी काडीचे दोन तुकडे,
एक चेचलेला, एक गुळगुळीत.
वॉरंटी किती, कोणी विचारलं
की आधी तुकडे पुढे करतो.

शेठना न विचारता एक डावखुरी पुन्हा मागवली.
काल आली. माळ्यावर नाही टाकली,
समोरच टांगलीय, दारातून दिसेल अशी.
तिचे दिवस गोदामातूनच सुरू झालेत.