मधलं नाव

ग्रिम्सबीत नोव्हेंबर चारलाच दिवे लावतो.
बंदरावरचा मासळीचा वास
श्रवणयंत्रांच्या दवाखान्यापर्यंत चढून येतो,
आणि माझ्या टेबलावर एक पत्र परत आलंय,
पाकिटावर चहाच्या कपाचा गोल :
प्रिय डोरीन नल हार्डकासल,
आपली तपासणी गुरुवारी आहे.

बाईंनी फोनही केला.
'हा नल कोण? मी तर ऐंशी वर्षं
त्याच्याशिवायच काढली.
सहावी मी. माझ्यापर्यंत येईतो
आईकडची नावं संपली होती.'
ऐकू कमी येतं म्हणून त्या मोठ्यानं बोलतात.
सगळ्या मजल्याला कळलं.

आमच्याकडे नळाला
दिवसाआड का होईना, पाणी येतं.
हा नल ठणठणीत कोरडा.
जावा त्याला काही विचारायला गेली
की तोंडावर आपटते :
सगळ्यांनी 'नाव घे, नाव घे' म्हणून घेरावं
आणि घ्यायला शेजारी कोणी नसावंच.
पडद्यावर लाल अक्षरांच्या चाळीस ओळी.
नुसतं छापायला सांगितलं तर त्याहून वाईट.
मग तो साळसूदपणे
स्वतःचंच नाव सांगून मोकळा होतो.

शेजारच्या कॅलमला सांगते :
रिकामी स्ट्रिंग म्हणजे पंगतीत पान मांडलंय,
वाढलेलं नाही.
नल म्हणजे पानच मांडलं नाही.
एकाला विचारलं, तो नको म्हणाला.
दुसऱ्याला कोणी विचारलंच नाही.
'आणि नुसती स्पेस?'
ते पानावर पाणी शिंपडून ठेवलेलं.
ट्रिम कर, मग बघ.

कॅलमनं पंगत पाहिलेली नाही,
तरी लिहून घेतो.

तुलना करताना ओळखीच्याला पुढे घाल, म्हटलं.
रिकाम्या अवतरणचिन्हांनाच विचार,
'हा तुमच्यातला का?'
नाही म्हणतील फार तर.
अनोळख्याचं दार आधी ठोठावशील
तर दारामागे घरच नसायचं.

साडेपाच. चौऱ्याऐंशी ठिकाणी तपासणी घालून झाली.
एका ओळीवर हात थांबला.
माझाच अर्ज, चाचणीसाठी भरलेला.
मधल्या नावात आधी अण्णा होते,
मग सुधन्वा,
मग कोर्टाचा कागद आला
आणि मी त्या चौकटीत कर्सर ठेवून
बराच वेळ बसले होते,
चहा निवून साय धरेपर्यंत,
आणि टॅब दाबून पुढे गेले.
डेटाबेसात नोंद : रिकामी स्ट्रिंग.
बरोबर आहे.
मला विचारलं होतं.

डोरीनबाईंचं नवं पत्र छापलं.
पहिल्या प्रतीत नल गेला खरा,
पण दोन्ही नावांमध्ये दोन स्पेस उरल्या,
कोणी उठून गेल्यावर
बाकावर जागा राहावी तशा.
एक काढली.
पुन्हा छापलं, दिव्याखाली धरलं :
डोरीन हार्डकासल.