पत्रा तापायच्या आत

साडेपाचला या, असं मी सांगतो.
उशीर झाला की ऊन जिनिंगच्या पत्र्यावर येऊन बसतं
आणि आतली हवा उठून चालायला लागते.
तिला उठू द्यायचं नाही.

धरणगावचं हे जिनिंग वैशाखात रिकामं.
सरकी गेली, गाठी गेल्या,
उरली चाळीस फूट उंच शांतता
आणि कैच्यांवर साचलेली पांढरी धूळ.

एकोणतीस वर्षं मी इथेच काट्यावर होतो.
टेम्पोसकट कापूस मोजायचा, मग टेम्पो वजा.
आता त्याच हातांनी सव्वा ग्रॅमचं विमान तोलतो.
सव्वा ग्रॅम म्हणजे किती, कुंदा नेहेते विचारते.
डझनभर सरक्या, मी म्हणतो.
ती तळहात पुढे करून बघते,
जणू मी खरंच ठेवणार आहे.

नवीन पोरांना मी आधी काही बनवू देत नाही.
माझं जुनं विमान देतो, मोडायला.
इमाम तडवीनं पहिल्याच सकाळी
पंखाची कड अशी धरली, जसं वांग्याचं देठ धरावं,
आणि कट.
तो माझ्याकडे बघत राहिला, मी गोंदाच्या बाटलीकडे.
आवाज एवढासाच असतो,
वाळल्या तुरीच्या शेंगेइतका.
बस, म्हटलं, झाली तुझी भरती.

मग रबर.
एरंडेल चोळलेलं, लांब ताणलेलं.
एकानं हुक धरायचा, दुसऱ्यानं पिळायचं
आणि पिळता पिळता जवळ जवळ यायचं.
हे सांगून कळत नाही.
कुंदा मोठ्यानं मोजते, नऊशे, हजार, अकराशे,
रबर बोटाला सांगतं की आता पुरे,
आणि तिथे, सगळ्यांना चुकीचं वाटतं ते करायचं:
साठेक पीळ सोडून द्यायचे.

एवढे मेहनतीनं भरलेले? का, काका?
मी जोर, चढण, पात्यांचा कोन,
सगळं समजावत बसतो.
पोरं माना डोलावतात.
कळलेलं नसतं.

उडवण्याआधी फरशीच्या फटीतून
मी कापसाचा एक तंतू उचलतो, गेल्या हंगामातला,
आणि सोडून देतो.
तो सरकला तर हवा तिकडे.
तो जागीच रेंगाळला तर वेळ आपली.
दारं लावा. पंखा बंद. शिंक आली तर बाहेर.
दिलवर पावरा तर नाकच धरून उभा राहतो.

विमान सोडायचं असतं, फेकायचं नसतं.
पहिलं उड्डाण अकरा सेकंद.
दुसरं कैचीत अडकलं,
फुग्याला दोरा बांधून अर्धा तास आम्ही ते विनवत होतो.
पुढचे तीन आठवडे सांगण्यासारखं काही नाही.

मग एका सकाळी कुंदाचं विमान
डावीकडे वळलं, वळतच राहिलं,
पातं इतकं सावकाश की फेरे मोजावेत,
आणि आम्हाला रिकामटेकडे म्हणणारे वॉचमन सुकलालबाबा
तोंडातली तंबाखू विसरून म्हणाले,
"उडी ऱ्हायनं वं माय!"
चार मिनिटं नऊ सेकंद.
घड्याळ थांबवायला मी उशीर केला, हे कुणाला बोललो नाही.

जळगावच्या स्पर्धेत ती चौदावी आली.
सतरा जणांत.
पण दुसऱ्या फेरीआधी
धुळ्याच्या एका मुलाचं रबर तुटलं.
पहिलीच स्पर्धा, एकटाच आलेला, डब्यात दुसरं नाही.
मी वळेपर्यंत ती त्याच्यासमोर,
आपलं रबर त्याच्या हुकात अडकवून,
पाय रोवून, मोठ्यानं आकडे मोजत.

"आता साठ सोडून दे."
"का?" तो म्हणाला.
मी पुढे व्हायला निघालो होतो.
"वर छत आहे ना," ती म्हणाली.

तो नववा आला.
परतीच्या एसटीत, एरंडोल मागे पडल्यावर,
ती एकदम म्हणाली,
नाव विचारायचं राहूनच गेलं त्याचं.