आवाज वाढव

मे महिना, पण त्या गुरुवारी मुहूर्त नव्हता
म्हणून अमळनेरातलं मंगल कार्यालय अडीच हजारात सुटलं.
स्टेजवर नवरानवरीच्या लाल खुर्च्या,
जड, कोण हलवणार.
त्यांच्याच पुढे पांढरा पडदा ताणला.
साऊंड माझा. दोन टॉप, दोन बेस, एक मिक्सर,
त्याचं चौथं बटन मी काडेपेटीची काडी खोचून दाबून ठेवतो.

पिक्चर कॉलेजच्या पोरांचा. नाव 'जर्नल'.
बजेट सत्तेचाळीस हजार,
त्यातले अकरा मयुरेशने गाडी विकून घातलेले.
केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एका बर्नरवर दोन पोरं.
एक दुसऱ्याचं जर्नल उतरवतो,
उतरवता उतरवता
अक्षरही त्याच्यासारखं काढायला लागतो.
एवढीच गोष्ट.

सात रविवार शूटिंग चाललं,
त्यामुळे दारातून आत येईस्तोवर
शर्ट निळ्याचा हिरवा होतो.
प्राचार्य म्हणून आमचा रसवंतीवाला भिकन आप्पा,
तो टाय लावून आला तेव्हा अख्खा हॉल हसला.
तोही हसला, पहिल्या रांगेत.

मग परीक्षानळी देताना बोटाला बोट लागलं
आणि सुटलं नाही.
मागून शिट्टी.
एक काका उठले, बायकोला म्हणाले, चल.
ती म्हणाली, इथं पंखा बरा लागतोय, बसा.
काका बसले.

मग तो सीन.
रेल्वे फाटक, संध्याकाळ.
दुर्गेश काहीतरी बोलतो, ओठ हलतात,
आणि नेमकी सुरत लाईनची मालगाडी
सगळं वाक्य खाऊन जाते.
आवाज! ए साऊंडवाले, आवाज वाढव!
वाढवला.
मालगाडी मोठी झाली.
खिडकीच्या काचा वाजल्या,
वाक्य होतं तिथंच राहिलं.
पडद्यावर तो दुसरा, आसिफ पिंजारी,
खाली बघतो, चपलेनं खडी सारतो,
मग हसतो.
एक शिट्टी सुरू झाली होती, निम्म्यात थांबली.

बाहेर चहाला तोच विषय. बोलला काय?
बारावीच्या मुली म्हणाल्या, सोपंय, तू आवडतोस म्हणाला.
जिमवाला गोलू म्हणाला, माफी मागितली असेल.
मराठीच्या सरांनी मालगाडीला प्रतीक ठरवलं.
एक जण, काय घाण दाखवता म्हणून
मयुरेशच्या अंगावर धावून आला,
दोघांनी धरला, पाणी दिलं,
पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाला,
पण बोलला काय तो?

मयुरेश खरं ते सांगत होता.
पुन्हा रेकॉर्ड करायला धुळ्याचा स्टुडिओ,
तासाला आठशे.
संपले होते.

दुर्गेशची आई पारोळ्याहून एस्टीने आलेली.
पोरं तिच्या जवळ जायला भीत होती.
शेजारची विचारत होती, हाऊ कोना आंडोर?
मन्हा, ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं, कुणालाच नाही असं,
किती वाळी गया.

मी वायरी गुंडाळत होतो.
ते फाटक मला माहीत आहे.
शहाण्णव साली तिथं वाल्मीक माझ्याशी बोलला होता,
पाच शब्द, फार तर सहा.
गाडी नव्हती. वारासुद्धा नव्हता.
फाटकवाल्याच्या रेडिओवर बातम्या संपल्या होत्या.
मी म्हणालो, काय?
ऐकू नाही आलं.
त्यानं पुन्हा सांगितलं नाही.
पुढे मी साऊंडचा धंदा टाकला,
लोक म्हणतात, तुझ्या सेटवर टाचणी पडली तरी कळते.

पडदा उतरवला.
खुर्च्यांवर दुर्गेश आणि आसिफ
पाय वर घेऊन बसले होते, वडापाव खात,
दोघांत एक पुडा.
मयुरेश म्हणाला, काका, तुमचे पैसे महिनाअखेरीला.
मी म्हणालो, काय?
आणि मग म्हणालो, आलं ऐकू.
खुर्च्या पुसून ठेवा रे,
उद्या अकरा वीसचा मुहूर्त आहे.