तुईच्या डोक्याचा रंग

एप्रिलात दुपारी तीनला
इतवारीत गिऱ्हाईक फिरकत नाही.
कूलरची खस वाळून कडक झालेली,
लोखंडी शटरला हात लागला तर भाजतो.
त्या वेळी कवतिकाबाई नंदेश्वर आल्या,
शाळेत एकतीस वर्षं घंटा देऊन निवृत्त.
पदराची गाठ सोडून प्लास्टिकची पुडी काढली,
पुडीत नखाएवढं पीस.
"भाऊ, मले भिंतीले हाच रंग पाहिजे जी."

तेवीस वर्षं मी रंग मिसळतो.
लोक शालूचा तुकडा आणतात,
विम्याच्या कॅलेंडरवरचं आभाळ फाडून आणतात,
एकानं तर, नागपुरात राहून, मोसंबीची साल आणली होती.
सगळ्याला क्रमांक असतो.
या पिसाला मशीननं तीनदा वाचलं
आणि तीन वेगळे आकडे दिले.
उजेडात धरलं तर पिकत्या करवंदाची लाली,
जरा कललं की वर निळसर पूड,
जांभळावर असते तशी,
बोटानं पुसली जाईल अशी.

स्टुलावर बसून, पाणी पिऊन त्यांनी सांगितलं.
राखाडी डोक्याची म्हणून स्वस्तात मिळाली होती.
विकणारा म्हणाला, मादी आहे, बोलणार नाही.
नाव ठेवलं तुई,
कारण ती तेवढंच म्हणायची.
दोन वर्षं शेंगदाणे, हिरवी मिरची, भिजवलेली ज्वारी.
तिसऱ्या वर्षी राखेत ठिणगी पडावी तसं
चोचीमागे एक पीस, मग कपाळ,
होळीपर्यंत सगळं डोकं पेटलं,
गळ्याला काळं कडं, खांद्यावर तांबडा ठिपका.
"तुई मादी नव्हतीच, बाप्पा!
मी त्याले दोन वर्षं बाई समजत होती."

मग त्यांना पिंजरा दिसायला लागला.
"इतका रंग काय माह्या ओसरीले दाखवाले आला का?"
गोरेवाड्याच्या अलीकडे, झुडपी रानात
त्यांनी दार उघडलं आणि पाठ करून बसल्या,
पोराला पहिल्या दिवशी वर्गात सोडून
बाया व्हरांड्यात बसतात तशा.
वळल्या तेव्हा तळाशी एवढंच उरलं होतं.
भिंतीवरचा खिळा अजून आहे.

रविवारी पाच डब्या घेऊन मी तिकडे गेलो.
बायकोला म्हणालो, माल पोचवायचा आहे.
पळस सरलेला, बोरी निष्पर्ण,
जमीन भट्टीतून काढलेल्या कवेलूसारखी.
इतक्या कोरड्या जागी
असली चैनीची चीज कोण ठेवेल?
झाकणं काढून डब्या खडकावर मांडल्या.

टुई?
प्रश्नच विचारल्यासारखं, डोक्यावरून.
सात की आठ, शेपटीचं टोक पांढरं,
सालईच्या झाडाशी सगळे एकदम वळले
आणि उन्हानं त्यांची डोकी दाखवली.
दीड सेकंद.
पाचही डब्या खोट्या पडल्या.
खोटं पडून इतकं बरं
मला कधी वाटलं नव्हतं.
एक राखाडी बाभळीवर मागे राहिली.
मादी की पोर, मी विचारलं नाही.

सहावी डबी हातानं केली, मशीन बंद ठेवून.
गेरू, बोटभर नीळ, चिमूटभर पांढरा.
कवतिकाबाईंच्या भिंतीवर
खिळ्याखाली वीतभर पट्टा मारला.
ओला होता तोवर दोघंही गप्प.
वाळत गेला तसा राखेकडे झुकला.
म्हणालो, नाही जमलं, पैसे नकोत.
त्या चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिल्या.
"राहू द्या भाऊ.
तोही दोन वर्षं असाच होता."

दुकानाच्या वहीत त्या तारखेला
छटेचा रकाना कोरा.
पुढे लिहिलंय: एक डबी, उधार.