तिसरा रकाना

खसबच्या धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
आमची खोली. पडद्यावर सामुद्रधुनी,
निळी, सपाट, जेवणाच्या ताटाएवढी.
तिच्यावर ठिपके सरकतात.
टँकरांना नाव असतं, झेंडा असतो, विमा असतो.
मला काळजी बिननावाच्या ठिपक्यांची.

आधीच्या लोकांनी दोनच रकाने ठेवले होते.
आपला. परका.
परक्यासमोर एक आकडा, वाढत जाणारा,
सत्तरला पिवळा, नव्वदला लाल,
आणि लाल झाला की दूर एका जहाजावर
झोपेतून उठवलेला विशीतला पोरगा
कशावर तरी बोट ठेवायचा.

मी तिसरा घातला: ठाऊक नाही.
त्यासाठी चार महिने बैठका झाल्या.
हे काय उत्तर झालं, म्हणाले,
एवढे पैसे ओतून यंत्र घ्यायचं
आणि त्याने खांदे उडवायचे?
शेजारच्या टेबलावरचा बद्र अश-शेही
खजूर चघळत म्हणाला, मुहंदिसा,
माझी आई रोज हेच उत्तर देते,
आमच्या घरात अजून खून पडलेला नाही.

तिसऱ्या रकान्यात गेलेला ठिपका
चाळीस सेकंद तिथेच बसतो. आकडा गोठतो.
रेडिओवर एक आवाज जातो, फारसीत, अरबीत, बलुचीत,
आणि कुमझारीत, जी ह्या खडकांबाहेर फारशी कुणाला येत नाही.
ओळख सांगा, नाहीतर, असं तो म्हणत नाही.
म्हणतो, कुठली रे होडी? इंजिन बरं आहे ना?

हे वाक्य माझं नाही.
हर्णैच्या समुद्रात अवसेच्या रात्री बाबा
समोरच्या काळोखाला विचारायचे,
कोन हाय रं तितं? गावलं काय?
काळोख बहुतेक वेळा शिवी द्यायचा.
शिवी आली की बाबा निवांत विडी पेटवायचे.

मंगळवारी पहाटे तीन सतराला
एक ठिपका. दिवा नाही, नाव नाही,
सरळ टँकरच्या रोखाने.
उष्णतेच्या कॅमेऱ्याने माणसं मोजली: एकोणीस.
वाकलेली. दाटीने. दबा धरून.
अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. एक्याऐंशी.
मग माझा रकाना.

मी मोजत बसले नाही. भिंतीपलीकडे
बर्फाची लादी कुणीतरी फोडत होतं, ते ऐकलं.
आवाज चार भाषांत गेला. काही नाही.
पुन्हा गेला.
तेहेतिसाव्या सेकंदाला रेडिओतून आलं
बें.

बद्रने खजुराची बी गिळली.
पाठोपाठ एक माणूस, फारसीत, चिडून:
इंजिन मेलंय, दिवे गेलेत, ओढीला लागलोय,
पोरगा ओकतोय, आणि तुम्ही माझी खुशाली विचारताय?
दोर पाठवा!

सतरा शेळ्या. एक बाप. एक मुलगा.

सकाळी धक्क्यावर गेले तर तो
शेळीमागे दोन रियालांसाठी हुज्जत घालत होता.
एक करडू दोरखंडाचं मीठ चाटत होतं.
मी कोण ते त्याला सांगितलं नाही.
काय सांगणार, तुझा आकडा एक्याऐंशी होता?

आज वरून पत्र आलंय.
चाळीस फार होतात. आठवर आणा.
मला कळतं त्यांचं भय, खरंच कळतं,
कधीतरी एखादी होडी खरोखर शेळ्यांची नसेल.
आणि हेही कळतं, की शेळ्या मोजणारा हाच डोळा
उद्या कुणी नेम धरायला नेईल,
माझी सही तिथेही असेल, खाली, बारीक अक्षरात.

उत्तर लिहायला बसलेय. तीनदा खोडलं.
आतापर्यंत एकच ओळ उरली आहे:
आठव्या सेकंदाला त्या होडीत
सगळेच गप्प होते.