शेरा

डेड स्टॉक रजिस्टर उघडलं तेव्हा साडेदहा वाजले होते
आणि वर्गात आम्ही तिघं:
मी, कन्नड शाळेच्या हेडबाई शिवलीला हडपद,
आणि खिडकीकडच्या बाकावर मंजुळा चोपडे,
इयत्ता चौथी,
एकूण पट एक.

खानापूरहून आलेला फॉर्म कन्नडात.
मी वस्तूला हात लावून नाव सांगायचं,
बाईंनी लिहायचं.
खुर्ची, कुर्ची.
कपाट, कपाटु.
घंटा, गंटे.
बहुतेक नावांना मलप्रभा ओलांडावी लागत नाही,
उंबऱ्यावरूनच पलीकडं जातात.

ओगराळ्यापाशी मात्र अडलो.
मी वाढून दाखवलं, हवेतली आमटी हवेतल्या ताटात.
"सवटु," मंजुळा म्हणाली, मान वर न करता.
आईबरोबर बिडीच्या बाजाराला जाते ती,
तिथं उचलला असेल शब्द.

बाक चौदा, पैकी मोडके पाच.
रेडिओ एक, बंद.
अॅल्युमिनियमची पातेली दोन, झाकण एकच.
नकाशे तीन. त्यातल्या एकावर
वाळवीनं स्वतःची सीमा आखलेली,
तिला कोर्टात जावं लागलं नाही.

फणसाला रकाना नव्हता.
यंदा सोळा लागलेत, मी मोजलेत,
पण झाड जमिनीत येतं की मालमत्तेत
हे परिपत्रकात कुठंच नाही.
कमिटीचे नागोजी कुंपणापाशी येऊन म्हणाले,
"शाळा न्या गा तुमची. फणस कसा नेतासा?"

मग पंखे. दोन.
एकाच्या पात्यावर निळ्या रंगात,
कै. तुळसाबाई रामू पाखरे यांच्या स्मरणार्थ,
मुलगा परशराम, वास्को.
तुळसाबाईंना सही येत नव्हती,
पालकसभेला अंगठा उठवून
तो भिंतीला पुसायच्या. डाग अजून आहे,
तोही यादीत नाही.

"नियमानं नाव खरवडायला पाहिजे," मी म्हणालो.
बाईंनी बटण बंद केलं.
पंखा बराच वेळ थांबायला तयार नव्हता.
मग त्या हळूहळू वाचू लागल्या,
हिंदीच्या तासाला शिकलेली अक्षरं
एकेक पायरी उतरल्यासारखी:
तु... ळ... सा...
"राहू दे सर. फिरताना कुणाला दिसतंय?"

शेवटी घंटा. रुळाचा तुकडा,
माझ्या आधीच्या गुरवमास्तरांनी
लोंढ्याहून सायकलला बांधून आणलेला.
चालू की बंद, हा रकाना
तिलाही भरावा लागतो.
मंजुळानं टोला दिला.
मी सवयीनं दाराकडं पाहिलं.
बाईंनीही पाहिलं.

शेरा: चालू.

"माझं नाव कुठल्या पानावर, सर?"
"तुझा दाखला वेगळा, बाळ."
तिला ते पटलेलं दिसलं नाही.
पृथ्वीगोल पोटाशी धरून उभी राहिली,
अनुक्रमांक एकतीस,
स्टँड तुटलेला.

सह्या झाल्या. शिक्क्याचं पॅड पार वाळलेलं.
मंजुळानं बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं,
जरा जास्तच.
तीन प्रतींवर शिक्का फिका उठला,
कडेनं ओघळलेला,
शाळेचं नाव ज्यांना आधीच ठाऊक आहे
त्यांनाच वाचता येईल इतका.