एक किलोमीटर

दर रविवारी सकाळी सातला
मी त्याच्या गाडीवरचं कव्हर काढते.
मेकॅनिकनं सांगून ठेवलंय,
धा मिनिटं सुरू ठेवत जा ताई, नाहीतर बॅटरी मरते.

मला एवढंच येतं.
आणि चार फूट मागे, चार फूट पुढे,
पाण्याचा टँकर आत यायचा असतो तेव्हा.
देवतळे फाटकातून ओरडतात,
"घ्या ना जी अजून, पुष्कळ जागा हाय!"

बाकी सगळं होतं गाडीवाचून.
बर्डीला जायला ऑटो,
बँक अजनीला, मे महिन्यातही
तोंडाला दुपट्टा बांधून पायी.
भाचा म्हणतो, मावशी, आजच्या जमान्यात
गाडी न येणारा माणूस म्हणजे अर्धा अडाणी.
असेल.
मला पोहताही येत नाही,
बालपण सगळं अंबाझरीच्या काठाला गेलं.

त्या रात्री ऑटो आला, बारा मिनिटांनी.
किल्ली खुंटीला होती. गाडी दारात.
डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं
तरी फरक पडला नसता.
मी ते मानते.
सोमवार ते शनिवार मानते.

रविवारी काचा वर करून एसी लावते,
पेपर वाचते मांडीवर,
डावा पाय उगाच क्लचवर.

परवा सहज मीटरकडे लक्ष गेलं.
आकडा एकानं वाढलाय.
सहा वर्षांत, फाटकाबाहेर चाक न काढता,
टँकरला वाट देत देत
एक किलोमीटर चालवली मी.

इथून मेडिकल
तेवढंच आहे.